डाव्या पिळाची चुंबळ

१

गुणवंतरावांच्या दुकानात जे काही येईल ते आधी काट्यावर चढायचं. मोहफूल, हिरडा, डिंक, धान हा तर धंद्याचाच माल. पण भजनी मंडळाचा मृदंगसुद्धा त्यांनी एकदा तोलून पाहिला होता. दोन सख्खे भाऊ बापाच्या पितळी घागरीवरून भांडत दुकानात आले, तेव्हा गुणवंतरावांनी घागर बाजूला ठेवली आणि भावांनाच एकेक करून काट्यावर उभं केलं. "ज्याचं वजन कमी त्याची घागर. त्यानं बापाचं खाल्लं कमी!" दोघंही हसले आणि भांडण तिथंच मिटलं.

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या बसमधून फाट्यावर उतरून अर्धा तास आत चाललं की बोरटोला लागतं. तिथलं हे एकच मोठं दुकान. गुणवंतराव तिसरी शिकलेले. बाकीचं ते खताच्या पोत्यांवरचं आणि औषधांच्या डब्यांवरचं वाचून शिकले. हात त्यांचा डावा. पण गिऱ्हाईकाला डाव्या हातानं पुडा दिला तर ते मनात घेतं, हे दहाव्या वर्षीच कळल्यामुळे दुकानात उजवा आणि घरात डावा, असे दोन हात त्यांनी बावन्न वर्षं सांभाळले.

दर सोमवारी दुकान उघडलं की ते आधी स्वतः काट्यावर चढत. अठ्ठ्याहत्तर किलो. कित्येक वर्षांत शंभर-दोनशे ग्रॅमपलीकडे काटा हलला नव्हता. पोरगी सरिता बाळंतपणाला माहेरी आली होती, त्यामुळे हल्ली त्यांच्यानंतर टोपलीत निजवलेली नात, चार महिन्यांची उर्वशी, चढे. टोपलीचं बारदान, म्हणजे माल काढल्यावर उरतं ते रिकाम्या टोपलीचं वजन, वजा करून सहा किलो शंभर.

"अजून शंभर ग्राम पायजे," गुणवंतराव म्हणत. "मंग आज्याची बरोबरी."

कारण दुकानात आलेला पहिला अजब माल ते स्वतःच होते, आणि ही गोष्ट ते चहा पिणाऱ्या प्रत्येकाला मोठ्या हौसेनं सांगत. बासष्ट वर्षांमागं, मोह गळण्याच्या दिवसांत, त्यांची माय गुणाबाई पहाटे मोहफूल विकत घ्यायला रानाच्या कडेला गेली होती. तिथं मोहाच्या एका झाडाखाली टोपलीत एक पोर. जवळ कोणीच नाही. गुणाबाईनं सांजवरी वाट पाहिली. कोणी आलं नाही. मग तिनं पोर घरी आणलं. नवरा हेमराज, तोही व्यापारीच. किलोचे बाट, तराजूची वजनं, तेव्हा नवेनवे आलेले. त्यानं पोराला तराजूत ठेवलं. सहा किलो दोनशे. "माल चांगला हाये," तो म्हणाला, "ठेवून घेऊ."

म्हणूनच असेल, रानातलं हरवलेलं पिल्लू कोणाला सापडलं की ते गुणवंतरावांच्या ओट्यावर यायचं. ते आधी पिल्लू तोलत, मग आणणाऱ्याला शिव्या देत. दूध पाजू देत नसत. त्यांचा कायदा एकच: "जिथून उचलला तिथीच ठेव. टोपलीत, दुपट्टा टाकून. दोनशे पावलं मागं हो आन् वाट पाह्य. माय येते."

वनरक्षक नीलिमा मॅडमनाही हा कायदा पटलेला होता. खात्याचीही रीत तीच होती. आजवर तेवीस पिल्लं ठेवली, एकवीस मायांनी नेली. अशा हिशेबावर माणसानं खुश राहावं, आणि गुणवंतराव खुश होते.

२

दिवाळीनंतर धानकापणी लागली. गावातल्या गोपालच्या बांधीत, धानाच्या शेतात, विळ्याखाली रानमांजराची तीन पिल्लं निघाली. बायांनी बिबट्याची समजून आरडाओरडा केला. गुणवंतराव गेले, शेपट्या पाहिल्या, हसले. कापणी थांबवली, पिल्लं टोपलीत ठेवली, खाली आपला निळ्या काठाचा दुपट्टा अंथरला आणि इसरूला घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसले. इसरू मडावी पलीकडच्या वनगावातला, त्यांचा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याला रानाचं ज्ञान, यांना बोलण्याचं. त्यामुळे दोघांचं जमायचं.

पाचच्या सुमारास रानमांजर आली. एकेक पिल्लू मानेला धरून तीन खेपा केल्या. दोघांनी डोळ्यांनी पाहिलं.

टोपली आणायला गेले तेव्हा दुपट्टा चुरगळलेला असेल असं गुणवंतरावांना वाटलं होतं. दरवेळी तसाच असायचा. नखं लागलेला, कधी ओला. या वेळी टोपलीत दुपट्ट्याची चुंबळ होती. डोक्यावर घागर किंवा टोपली घेण्याआधी बाया कापडाचा पीळ घालून जो गोल करतात, तो. घट्ट, नीट, शेवटचं टोक आत खोचलेलं.

"इसरू, तू केला का रे हे?"

"मी कायले करू? मी तं तुमच्या बाजूनं बिडी पीत होतो."

"मंग कोणी केला?"

इसरूनं चुंबळ हातात घेतली नाही. वाकून पाहिली. "कापणीवाली एखादी बाई असान," तो म्हणाला. पण बाया तीनलाच घरी गेल्या होत्या, आणि टोपलीवरून दोघांची नजर एकदाही हटली नव्हती. निदान गुणवंतरावांची तरी. एकदा बिडीची काडी विझली तेव्हा ते वळले होते, हे त्यांनी मनाशी कबूल केलं. तेवढ्यात कोणी येऊन गेलं असेल. तेवढा वेळ पुरतो का? धावत आली तर पुरतो, असं त्यांनी ठरवलं आणि चुंबळ उलगडून दुपट्टा खांद्यावर टाकला.

दुपट्ट्याला मोहफुलाचा वास येत होता. कार्तिकात मोह नसतो. पण दुकानात मागच्या हंगामाची चार पोती पडली होती, आणि त्यांच्या सगळ्याच कपड्यांना तो वास थोडाफार असायचाच.

३

पुढच्या आठवड्यात गोपाल पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात चितळाचं पाडस होतं.

"शेटजी, बीमार हाये. बांधीत पडून होता. जवळ गेलो तरी उठेना."

गुणवंतरावांनी पाडस काट्यावर ठेवलं. तीन किलो चारशे. मग गोपालकडे वळले. "अरे अकलेच्या कांद्या, ते बीमार नाई, लपलेलं हाये! माय चरायले जाते तवा त्याले सांगून जाते, हलू नको. ते हलत नाई. त्याच्या अंगाले वासबी नसते, वाघ बाजूनं गेला तरी कळत नाई. आन् तू उचलून आणला! ती माय आता तिथी येऊन पाह्यल, तं जागा खाली."

"आता मले का मालूम?"

"मालूम नसलं तं हात लावू नाई. मायनं वाट पाह्यली नाई असं म्हणता. वाट तुमी पाह्यत नाई."

हे वाक्य ते दरवेळी म्हणत. त्या दिवशी मात्र ते बोलून झाल्यावर त्यांना उगीच वाटलं, की हे कोणीतरी मागं उभं राहून ऐकलं.

पाडस पुन्हा बांधीत नेऊन टोपलीत ठेवलं. नीलिमा मॅडम मोटारसायकलवर आल्या आणि टोपलीसमोरच्या झाडाला फोटो काढणारा कॅमेरा बांधून गेल्या. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. चितळी साडेचारला आली. पाडस उठलं, लटपटलं, दूध प्यालं आणि तिच्या मागं गेलं. इसरूनं टाळी वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला.

टोपलीत चुंबळ होती.

दुसऱ्या दिवशी नीलिमा मॅडमनी ओट्यावर बसून फोटो दाखवले. चार अठ्ठावीस: पाडस आणि खाली पसरलेला दुपट्टा. चार बत्तीस: चितळीचं तोंड. चार पस्तीस: जाणारं पाडस, दुपट्टा चुरगळलेला. चार छत्तीस: चुंबळ.

"मधात काही नाई?" गुणवंतरावांनी विचारलं.

"नाही. पण चार छत्तीसला कॅमेरा कशानं सुरू झाला तेच कळत नाही. माकड असेल, भाऊ. माकडं काहीही करतात."

"हो जी," गुणवंतराव म्हणाले. "मी एक माकड पाह्यलं होतं, राजुऱ्याच्या बाजारात, पान लावे." आणि त्या माकडाची लांबलचक गोष्ट त्यांनी सांगितली. मॅडम पोटभर हसल्या. इसरू हसला नाही.

मॅडम गेल्यावर तो म्हणाला, "भाऊ, चुंबळ कवा करते बाई?"

"डोक्यावर वजन घ्यायचं असलं तं."

"हां. म्हंजे न्यायलेच येते ते. टोपलीत पाह्यते." त्यानं बिडी काढली. "आपलं नाई दिसलं तं चुंबळ ठेवून जाते."

४

त्या सोमवारी उर्वशी सहा किलो दोनशे भरली. गुणवंतरावांनी दुकानात बत्तासे वाटले.

त्याच दुपारी जेवणानंतर ते माजघरात आडवे झाले होते. बायको मीराबाई मागच्या अंगणात भांडी घासत होती, सरिता न्हाणीत होती. उर्वशीचा पाळणा पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, उन्हाची तिरीप पायाशी येईल असा टांगलेला. पाळण्याच्या कड्यांचा आवाज येत होता. कुर्र, कुर्र. त्या आवाजावर त्यांना डुलकी लागायला आली, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की सरिता न्हाणीत आहे, मीरा मागं आहे, आणि पाळणा एका तालात हलतो आहे.

ते उठून सपरीत आले. पाळणा संथ हलत होता. सपरीत कोणी नव्हतं. उर्वशी जागी होती आणि वर बघून बोळक्या तोंडानं हसत होती, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसं. तिच्या अंगावरचं दुपटं अंगावर नव्हतं. पाळण्याखाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, त्या दुपट्याची चुंबळ ठेवलेली होती.

"सरिता! हे चुंबळ तू केली का?"

"मले कुठी येते बाबा चुंबळ?" सरिता केस पुसत आली. "जलम नळावर गेला आमचा."

मीराबाईनंही नाही म्हटलं. तिच्या डोक्यावर गेल्या वीस वर्षांत घागर चढली नव्हती. घरात चुंबळ येणारी एकच बाई उरली होती. ती शहाऐंशी वर्षांची, संधिवातानं बोटं वाकडी झालेली, मागच्या खोलीत खाटेवर बसून टीव्हीवर भजन ऐकत होती.

गुणवंतरावांनी नातीला उचललं. तिच्या केसांना पहाटेचं दहिवर लागल्यासारखा ओलावा होता. दुपारचे दोन वाजले होते.

"पोर्गीले आत घ्या," ते म्हणाले. "आन् आजपासून तिले एकटं ठेवाचं नाई. एक मिनटबी नाई." त्यांचा आवाज असा लागला की सरितानं काऊन म्हणून विचारलंसुद्धा नाही.

५

गुणाबाईनं चुंबळ मांडीवर घेतली. वाकड्या बोटांनी चाचपली. मग टीव्ही बंद करायला सांगितला.

"कोणं केली हे?"

"तेच विचारून राह्यलो, माय."

"पीळ पाह्य." तिनं चुंबळ त्यांच्यापुढं धरली. "सब्बन बाया उजवीकडून पीळ घालतेत. हे डावीकडून हाये." आणि तिनं वर पाहिलं. लेकाच्या तोंडाकडे नाही, त्याच्या डाव्या हाताकडे.

गुणवंतराव खाटेच्या कडेवर बसले. बाहेर ओट्यावर कोणी गिऱ्हाईक हाका मारत होतं. त्यांनी ओ दिली नाही. धंद्यात आल्यापासून पहिल्यांदाच.

"माय, त्या दिवशी तू सांजवरी वाट पाह्यली होती न?"

म्हातारीनं चुंबळ परत मांडीवर घेतली.

"लग्नाले नऊ वर्स झाली होती माह्या," ती म्हणाली. "तू टोपलीतून मले पाहून हासला. मी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. बाजूले चुंबळ ठेवून होती, डाव्या पिळाची. ते मोह येचाले गेली असान, पोराले उचलून न्यायची तयारी करून. मी चुंबळ हातात घेतली तं..." तिनं मांडीवरच्या चुंबळीवर हात ठेवला. "गरम होती रे. तिच्या डोक्याची गरमी होती तिच्यात."

"मंग किती वेळ थांबली तू?"

"नाई थांबली."

"जराबी नाई?"

"तेच चुंबळ माह्या डोक्यावर ठेवली, टोपली घेतली, आन् निघाली. दुसऱ्या दिवशी ते गावात आली होती म्हणे. दारोदारी टोपल्या पाह्यत होती. मी तुले घेऊन राजुऱ्याले, माह्या भावाकडं गेली. तीन महिने आलीच नाई."

"आन् ते?"

"मले नाई मालूम, बापू. कोणाले इचारलं नाई मी." आणि शहाऐंशी वर्षांच्या त्या बाईनं दोन्ही हात जोडले, आपल्याच लेकापुढं. "तू मले सोडून जाशीन का आता?"

गुणवंतरावांनी ते हात खाली केले. "या वयात कुठी जाऊ, माय? चहा कोण देईल मले?" ते म्हणाले. ती रडता रडता हसली, आणि त्यांना तिच्यावर राग आला नाही. बासष्ट वर्षं तिनं त्यांना पोटभर दिलं होतं. राग करायला जागाच उरली नव्हती.

पण व्यापाऱ्याचं डोकं. कोणीतरी चार महिन्यांचं, सहा किलो दोनशेचं पोर शोधतं आहे, टोपली-टोपली पाहत, आणि आता पाळण्यापर्यंत पोचलं आहे. त्याला तसंच पोर सापडलं, तर ते वय विचारत बसणार नाही.

ज्याचं त्याला परत द्यायला हवं होतं. आणि परत द्यायचा कायदा तर त्यांचाच होता.

६

"तुमी टोपलीत मावान का?" इसरूनं विचारलं. मस्करीच करायची होती त्याला, पण आवाज कोरडा लागला.

"टोपली बाजूले ठेवतो. तू दोनशे पावलं मागं बस. उठायचं नाई, हाक मारायची नाई."

दुपारचे तीन. रानाच्या कडेचा तो मोह अजून उभा होता. गुणवंतरावांनी बुंध्याला पाठ लावली. शेजारी रिकामी टोपली ठेवली, तिच्यात निळ्या काठाचा दुपट्टा अंथरला, आणि हात मांडीवर ठेवून बसले. आपण मूर्ख दिसत असू, हे त्यांना कळत होतं. कापून ठेवलेल्या धानाच्या कडपांवर ऊन होतं. दूर कुठं तरी मळणीयंत्र चालू होतं. मुंग्या पायावरून जात होत्या. चार वाजेपर्यंत काही झालं नाही, आणि त्यांना बरंही वाटलं, आणि थोडं वाईटही.

मग मळणीयंत्राचा आवाज येईनासा झाला. ते बंद पडलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मागं पानं वाजली. दोन पावलं, मग थांबणं. दोन पावलं, मग थांबणं. कोणी वाकून काही वेचत, पुढं सरकत, पुन्हा वाकत येत असावं तसं. कार्तिकातल्या त्या जमिनीवर वेचण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मोहफुलाचा वास आला. पोत्यातल्या सुक्या फुलांचा नव्हे, पहाटे नुकत्याच गळलेल्या ओल्या फुलांचा.

वळून पाहावंसं वाटलं. पण पाडस वळून पाहत नाही. गुणवंतरावांनी मान खाली घातली, श्वास बारीक केला आणि हलले नाहीत. त्यांना आश्चर्य वाटलं, ते किती सोपं होतं. जणू कोणी फार पूर्वी सांगून गेलं होतं, हलू नको.

डाव्या बाजूनं एक हात आला. तेवढाच दिसला. बोटं मोहाच्या रसानं चिकट, मनगटाला दहिवर, काळसर लुगड्याचा ओला पदर. तो हात त्यांच्या कानामागून फिरला, गार, अगदी सावकाश, लेकराच्या मानेखाली घाम आहे का ते माय पाहते तसा. त्यांनी डोळे मिटले. भीती होतीच, पण तिच्याखाली दुसरंच काही होतं, पोट भरल्यासारखं, झोप येण्यासारखं.

टोपली करकरली. उभ्या जन्मात हजारो टोपल्या त्यांनी भरताना ऐकल्या होत्या. रिकामी टोपली तशी करकरत नाही.

"भाऊ! ओ भाऊ!"

इसरू धावत येत होता. मळणीयंत्र चालू होतं. शेजारची टोपली नव्हती. दुपट्टाही नव्हता.

"पाह्यलं का रे?"

"पाठमोरी पाह्यली. रानाकडं गेली." इसरू धापा टाकत खाली बसला. "टोपली डोक्यावर होती."

"खाली टोपली हाये ते, इसरू."

इसरूनं नाही अशी मान हलवली. "मी बायांले चालताना पाह्यलो हावो, भाऊ. खाली टोपलीची बाई हात हालवत चालते. ते कमरेतून चालत होती. एका हातानं धरून. सावकाश."

७

पाळण्याखाली पुन्हा कधी काही दिसलं नाही. उर्वशी एकटी हसेनाशी झाली. आता ती आज्याला पाहून हसते आणि त्याच्या मिशा ओढते. गुणाबाईला शांत झोप लागू लागली. त्या हिवाळ्यात दोन पिल्लं आली, दोन्ही मायांनी नेली, आणि दुपट्टे चुरगळलेलेच सापडले. गुणवंतराव स्वतः आनंदात होते. इतके, की मीराबाईनं एकदा विचारलं, कोणती लॉटरी लागली का जी तुमाले.

त्या घटनेनंतरच्या सोमवारी त्यांनी नेहमीसारखं दुकान उघडलं, काट्यावरची धूळ झटकली आणि वर चढले. आकड्यांकडे पाहिलं. उतरले. काटा शून्यावर आणला, पाच किलोचा बाट ठेवून पाहिला, बरोबर पाच. पुन्हा चढले.

एकाहत्तर किलो आठशे.

"काय झालं?" मीराबाई चहा घेऊन आली. तिनं आकडा पाहिला. "अगं माय! सहा किलोच्या वर कमी? उपास नाई, ताप नाई. जेवता तं दोन भाकरी जास्ती. कुठी गेलं वजन?"

गुणवंतराव काट्यावर तसेच उभे राहिले. डाव्या हातानं त्यांनी चहाचा कप घेतला. दुकानात, गिऱ्हाईकांसमोर, डाव्या हातानं, आणि तो उजव्यात बदलला नाही.

"ज्याचा माल होता, तो घेऊन गेला," ते म्हणाले. "बारदान राह्यलं."

आणि चहा पिऊ लागले.